आधीच वेचलेलं नशीब

"पाकीट बंद होतं ना? मग तक्रार कशाची? निघालं तर निघालं, नाही निघालं तर आपलं नशीब."

खेळाडूंच्या कार्डांचा डबा मागवून हिरमुसलेल्या पोराला राजुऱ्यात हे उत्तर मिळतं. चंद्रपुरात मिळतं, नागपुरात मिळतं, आणि वर्षानुवर्षं कार्डं जमवणाऱ्या जाणत्या लोकांकडूनही मिळतं. सांगणाऱ्याचा सूर असा, की जणू जगाचा नियमच समजावून देतो आहे. ऐकणारा मान खाली घालून कार्डं रबरबँडमध्ये बांधतो आणि आपणच करंटे असं समजून गप्प बसतो. मला या उत्तराचा संताप येतो. ते खोटं आहे, आणि ते खोटं नेहमी विकणाऱ्याच्याच सोयीचं असतं.

या मंडळींचं म्हणणं आधी पूर्ण मांडतो. ते म्हणतात, डब्यात काय आहे हे कोणालाच ठाऊक नसतं, तीच तर त्यातली मजा. कंपनीने मोजकी दुर्मिळ कार्डं हजारो पाकिटांत विखरून टाकलेली असतात. ती कोणाच्या वाट्याला येतील ते देव जाणे. विकणाऱ्याने बंद डबा दिला, घेणाऱ्याने पैसे दिले, व्यवहार संपला. विकणाऱ्याने त्याआधी पाकिटं चाचपली असतील, काट्यावर ठेवली असतील, तर माल त्याचा, मर्जी त्याची. ज्याला खात्री हवी त्याने हवं ते कार्ड सुटं विकत घ्यावं. आणि पोरांच्या खेळण्यावरून एवढं डोकं कशाला तापवायचं?

यातलं सुट्या कार्डाबद्दलचं वाक्य तेवढं मला मान्य आहे. बाकीचं एकही नाही.

'कोणालाच ठाऊक नसतं' या वाक्यावर हा सगळा डोलारा उभा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. एके काळी ते खरं होतं. आमच्या लहानपणी बबलगमच्या वेष्टणात क्रिकेटपटूंची चित्रं यायची, त्यांवर धावा आणि बळी छापलेले असायचे, आणि त्यांची बेरीज करत आमच्या सुट्ट्या जायच्या. त्या काळात कुठल्याही दुकानदाराने बरणीतली गमं एकेक उघडून पुन्हा गुंडाळून ठेवली नाहीत. त्यात त्याला मिळणार काय होतं? चित्राची किंमत गमपेक्षा जास्त नव्हती. पुढे चिप्सच्या पुड्यांत टॅझो आले, तेव्हा पोरं पुडा दाबून आतली चकती हाताला लागते का ते बघायची, आणि दुकानदार त्यांच्यावर खेकसायचा, कारण दाबलेला पुडा दुसरं गिऱ्हाईक घेत नाही. चाचपलेला माल हा उतरलेला माल, एवढं त्या किराणावाल्याला कळत होतं. आजच्या जाणकारांना ते कळत नाही, असं मी मानायला तयार नाही.

बदललं ते एवढंच की कार्डाला किंमत आली. १९८६ साली अमेरिकेत फ्लीअर कंपनीने बास्केटबॉलची १३२ कार्डं काढली. त्यातलं ५७ क्रमांकाचं कार्ड मायकल जॉर्डनचं. २०२१ च्या जानेवारीत त्या कार्डाची एक निष्कलंक प्रत ७ लाख ३८ हजार डॉलरला गेली. त्या मालिकेच्या एका डब्यात ३६ पाकिटं आणि पाकिटात १२ कार्डं, म्हणजे डब्यात ४३२ कार्डं. १३२ कार्डांची मालिका असेल तर सरासरीने एका डब्यात तीन जॉर्डन यायला हवेत. आता मला सांगा, जुना डबा समोर आहे, आत सरासरीने तीन जॉर्डन आहेत, वेष्टण नुसत्या मेणकागदाचं आहे आणि मागची घडी उष्णतेने चिकटवलेली आहे. ज्याच्याकडे हा डबा इतकी वर्षं पडून होता, त्याने ती घडी कधी उलगडून पाहिलीच नसेल? अशी घडी हलक्या हाताने सोडवता येते आणि गरम करून पुन्हा बसवताही येते. मेणकागदाची पाकिटं अशी उघडून परत चिकटवण्याचा धंदा अमेरिकेत इतका मुरला आहे की बंद पाकीट खरंच बंद आहे का हे तपासून देणं हासुद्धा तिथे एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे.

पाकीट न उघडताही आतलं कळतं, ही तर पुढची पायरी. टॉप्स कंपनी १३२ कार्डं एकाच मोठ्या कागदावर छापायची, ती कापून यंत्राने पाकिटांत भरायची. यंत्राचा क्रम ठरलेला असे. त्यामुळे पारदर्शक वेष्टणातून वरचं किंवा खालचं कार्ड दिसलं, की त्याच्या शेजारी कोण बसला आहे हे मुरलेल्या विक्रेत्याला बऱ्याचदा सांगता येई. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात खेळाडूच्या जर्सीचा तुकडा चिकटवलेली कार्डं निघाली. ती जाड. मग पाकीट अंगठा आणि तर्जनीत धरून जाडी ओळखणारे तयार झाले. त्यांना चकवण्यासाठी कंपन्यांना साध्या पाकिटांत कोरी जाड पत्ती घालावी लागली. पोकेमॉनच्या जुन्या पाकिटांत चमकणारं कार्ड असेल तर वजन किंचित जास्त भरतं. त्यासाठी सोनाराकडचा असतो तसला काटा पुरतो. त्या बाजारात 'जड' पाकीट आणि 'हलकं' पाकीट असे दोन भाव उघडपणे चालतात. २०२४ साली तर अमेरिकेतल्या एका कंपनीने, जिचं काम एरवी कारखान्यातले सुटे भाग तपासण्याचं, पैसे घेऊन बंद पाकिटांचा सीटी स्कॅन करून द्यायला सुरुवात केली. पाकिटाला नख न लावता आतलं कार्ड पडद्यावर वाचता येतं.

आणि तरीही 'कोणालाच ठाऊक नसतं' म्हणायचं? अप्पर डेक कंपनीने १९८९ मध्ये आपली पहिली बेसबॉल कार्डं काढली ती मुद्दाम धातूच्या झिलईच्या पाकिटात, उघडलं तर लपवता येऊ नये म्हणून, आणि कार्डावर होलोग्राम टाकला तो नक्कल करता येऊ नये म्हणून. ज्या धंद्यात कोणी डोकावत नाही त्या धंद्यात एक नवी कंपनी एवढा खर्च कशासाठी करते? जे कंपनीला तेव्हा कळलं होतं ते आपल्याकडच्या विक्रेत्यांना आज माहीत नाही, असं समजायचं का?

माझा सगळा आक्षेप इथे आहे. दोघांनाही माहीत नसेल तर ते नशीब. एकाला माहीत आहे आणि दुसऱ्याला नाही, आणि ज्याला माहीत आहे तोच विकतो आहे, याला नशीब म्हणता येत नाही.

आता सुट्या पाकिटांचा हिशेब बघा, कारण राजुऱ्यासारख्या गावात अख्खा डबा घेणारे थोडे, सुटी पाकिटं घेणारेच जास्त. समजा एका डब्यात २४ पाकिटं आहेत आणि कंपनीने डब्यावर छापलं आहे की आत एक खास कार्ड आहे. पहिलं पाकीट घेणाऱ्याला चोविसात एक संधी. विक्रेत्याने स्वतःच पाकिटं फोडायला घेतली आणि दहाव्यात खास कार्ड निघालं. तो थांबला. उरलेली चौदा पाकिटं काउंटरवर आली. ती चौदाही खरोखर बंद आहेत, कोणी चिकटवलेली नाहीत, कोणी तोललेली नाहीत, कंपनीची मोहर शाबूत आहे. त्या चौदांत खास कार्ड निघण्याची शक्यता किती? शून्य. घेणारा मात्र चोविसात एक या संधीचे पैसे देतो. उलट दहा पाकिटांत काहीच निघालं नाही, तर तो फोडत राहतो, कारण आता उरलेल्यांत संधी वाढली आहे. म्हणजे काहीही झालं तरी काउंटरवर येतात ती मेलेलीच पाकिटं. मोठा व्यापारी हेच पेटीच्या पातळीवर करतो. बारा डब्यांच्या पेटीत एकच मोठं कार्ड असेल, तर ते सापडेपर्यंत डबे फोडायचे आणि उरलेले 'सीलबंद' म्हणून विकायचे. 'बंद होतं ना?' या प्रश्नाचं उत्तर इथे 'हो, बंद होतं' असंच आहे, आणि फसवणूक तरीही पूर्ण आहे. ज्यांनी ज्यांनी हा प्रश्न तोंडावर फेकला त्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून बघावा.

मग सांगतात, लॉटरीतही असंच असतं, तिथे कोणी रडत नाही. लॉटरीत असं अजिबात नसतं. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून चालते आहे. तिचं तिकीट तुम्ही घेता तेव्हा बक्षिसाचा क्रमांक अस्तित्वातच नसतो. तिकीट छापणाऱ्याला तो माहीत नसतो, विकणाऱ्याला नसतो, सरकारलाही नसतो. तो विक्री संपल्यावर सोडतीत जन्माला येतो. १९९८ च्या लॉटरी नियमन कायद्याने आधी जाहीर केलेल्या क्रमांकावर बक्षीस द्यायलाच बंदी घातली आहे, आणि सोडत राज्य सरकारनेच काढली पाहिजे असं बंधन आहे. एखाद्या एजंटाने बक्षिसाचं तिकीट काढून घेऊन उरलेली विकली असती तर त्याला पोलीस घेऊन गेले असते. कार्डाच्या पाकिटात बक्षीस छापखान्यातच ठरलेलं असतं, ते तिथे बसलेलं असतं आणि शोधता येतं. म्हणूनच इथे विकणाऱ्यावर लॉटरीपेक्षा जास्त कडक नजर हवी. आपण मात्र लॉटरीचं नाव घेऊन त्याला मोकळं सोडतो.

मोहर आणि वेष्टण यांवर ज्यांचा फार विश्वास आहे त्यांनी लोगन पॉलचं प्रकरण आठवावं. यूट्यूबमुळे नाव झालेल्या या माणसाने २०२१ च्या अखेरीस पोकेमॉनच्या पहिल्या आवृत्तीच्या सहा डब्यांची सीलबंद पेटी ३५ लाख डॉलरला घेतली. जुने डबे तपासण्यात अमेरिकेत ज्यांचं नाव घेतलं जातं त्यांनी ती पेटी खरी असल्याचा निर्वाळा दिलेला होता. जानेवारी २०२२ मध्ये पेटी उघडली. आत जी. आय. जो नावाच्या भलत्याच खेळण्यांची कार्डं निघाली. त्या माणसाकडे पैसा होता, तज्ज्ञ होते, कॅमेरे होते. गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात किंवा सास्तीच्या कोळसा खाणीत पाळीवर जाणाऱ्याचा मुलगा वाढदिवसाचे पैसे साठवून कुरिअरने एक डबा मागवतो, त्याच्याकडे यातलं काय आहे? बाहेरचं प्लास्टिक आवळायचं यंत्र कुठल्याही पॅकिंगवाल्याकडे मिळतं. ते प्लास्टिक डब्यावर आहे यावरून एवढंच कळतं की कोणीतरी, कधीतरी, ते चढवलं.

जुन्या डब्यांना 'गुंतवणूक' म्हणणाऱ्यांचा तर मला जास्तच राग येतो. १९८० च्या दशकाची अखेर आणि १९९० च्या दशकाची सुरुवात या काळात अमेरिकी कंपन्यांनी इतकी बेसुमार कार्डं छापली की त्यांतले बरेच डबे आजही कवडीमोल आहेत. ते चाळलेले नसतात, कारण चाळून हाती लागण्यासारखं त्यांत फारसं काही नाही. ज्या डब्यात शोधण्यासारखं काही आहे तो डबा तीस-पस्तीस वर्षांत अनेकांच्या हातांतून गेलेला असतो. स्वस्त डबा निर्मळ असतो पण रिकामा, आणि भरलेला डबा महाग असतो पण संशयास्पद. यात गुंतवणूक कोणाची आणि कमाई कोणाची? शिवाय जो नफ्याने पुन्हा विकण्यासाठी घेतो त्याला ग्राहक कायद्याखाली ग्राहक म्हणून उभं राहणंही अवघड जातं, हे 'गुंतवणूक' सुचवणारा कधी सांगत नाही.

'माल त्याचा, मर्जी त्याची' हे वाक्य राजुऱ्यात तरी कोणी बोलू नये. आपला तालुका कापसाचा. मृगाच्या तोंडावर इथला शेतकरी बियाण्याचं पाकीट घेतो तेव्हा काय करतो? लॉट क्रमांक बघतो, शिवण बघतो, टॅग बघतो, पक्कं बिल मागतो. कृषी विभाग दर हंगामात सांगतो की पाकीट, टॅग, बिल आणि थोडं बियाणं पीक निघेपर्यंत जपून ठेवा. तेलंगणाच्या सीमेवरून येणाऱ्या चोर बीटीने राजुरा, कोरपना, जिवतीच्या शेतकऱ्याला हे शिकवलं आहे. पाकिटातलं चांगलं बियाणं काढून घेऊन, उरलेलं पुन्हा शिवून, कृषी केंद्रवाल्याने विकलं आणि वर म्हणाला, "पाकीट बंद होतं ना? उगवलं नाही तर तुमचं नशीब", तर आपण ऐकून घेऊ? तिथेही माल दुकानदाराचाच असतो. मालकी विकेपर्यंत त्याची. पण पाकिटावर जे छापलं आहे ते विकताना खरं असलंच पाहिजे, ही जबाबदारीही त्याचीच. बाप ज्या दुकानात हे हक्काने मागतो, त्याच बाजारपेठेत मुलाला मात्र नशीब सांगितलं जातं.

कायदासुद्धा विक्रेत्याच्या मर्जीवर चालत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. मालाचा दर्जा, प्रमाण, शुद्धता आणि किंमत यांची माहिती मिळणं हा त्यात ग्राहकाचा हक्क म्हणून लिहिलेला आहे. मालाच्या दर्जाबद्दल खोटं सांगणं, आणि जुना, वापरलेला किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणं, या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापारी प्रथा ठरतात. उघडून, चाळून, पुन्हा चिकटवलेलं पाकीट 'नवं, सीलबंद' म्हणून विकणं या व्याख्येत कसं बसत नाही, ते मला कोणी समजावून सांगावं. फोडलेल्या डब्यातली उरलेली पाकिटं 'यात खास कार्ड निघू शकतं' म्हणून विकणं हे तर सरळ खोटं विधान आहे. ते निघू शकत नाही आणि विकणाऱ्याला ते माहीत आहे.

राहिलं पोरांचं खेळणं. पोरांचं आहे म्हणूनच मला त्याची जास्त चीड येते. मोठा माणूस फसला तर भांडतो, चार जणांना विचारतो, बिल शोधतो. मूल फसलं तर ते स्वतःलाच दोष देतं, आणि पुढच्या वेळी नशीब उघडेल म्हणून पुन्हा पैसे जमवतं. याच स्वभावावर हा धंदा चालतो. आणि आपण मोठी माणसं काय करतो? त्याची समजूत काढतो की जगात असंच असतं. जगात असं नसतं. असं करणारी माणसं असतात, आणि त्यांना पाठीशी घालणारी त्यांच्यापेक्षा जास्त असतात.

शौक सोडा असं मी म्हणत नाही. कार्ड हातात घेऊन खेळाडूची धावसंख्या पाठ करणारी मुलं मला आवडतात, आणि न चाळलेला डबा फोडण्यातली धडधड खरी आहे. ती धडधड विकत घेण्याचा त्यांचा हक्क आहे. म्हणून पैसे पाठवण्याआधी विक्रेत्याला लेखी विचारा: हा डबा ज्या पेटीतून आला ती पेटी फोडली होती का? बाकीचे डबे कुठे गेले? पाकिटं तोलली आहेत का? सुटी पाकिटं असतील तर त्या डब्यातलं खास कार्ड निघालं आहे की नाही? प्रामाणिक विक्रेत्याला यातला एकही प्रश्न जड नाही. उत्तर टाळलं किंवा 'नशिबाचा खेळ आहे' असं आलं, तर तोच कबुलीजबाब समजा आणि पैसे खिशात ठेवा. डबा घेतलाच, तर कुरिअरची पिशवी उघडल्यापासून शेवटच्या पाकिटापर्यंत मोबाइलवर सलग चित्रण करा, वेष्टणं टाकू नका, विक्रेत्याचे संदेश पुसू नका.

आणि ज्यांचे पैसे आधीच गेले आहेत त्यांच्या पालकांनी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावावा. तिथे भागलं नाही तर चंद्रपूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावं. विक्रेता मुंबईत असो की दिल्लीत, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. तक्रारीत नशिबाबद्दल एक अक्षर लिहू नका. ज्याने आत काय आहे ते आधी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून विकलं, त्याच्याबद्दल लिहा.